धाब्यावरची तार

नियम धाब्यावर बसविणे हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजिला, त्याने आमच्या अकोल्याचे जुने शहर पाहिले असले पाहिजे. मोर्णेच्या या तीरावर धाब्याची घरे आता मोजकीच उरली आहेत. माती जाऊन स्लॅब आला. तरी वाळत घातलेल्या कुरड्या आणावयास सांगताना घरातली माणसे ‘धाब्यावर जा’ असेच म्हणतात. या धाब्यांवरून कित्येक वर्षे आमच्या गल्लीत जगाचे वर्तमान येत होते, आणि तेही एका नियमाशी झगडत. संगणकाची तांब्याची तार एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत १०० मीटरांहून लांब नेऊ नये, असा तो नियम. त्यापुढे संदेश क्षीण होतो. केबलवाल्याच्या कचेरीपासून माझे घर याच्या कितीतरी पट दूर. त्याने युक्ती अशी काढिली, की दर ऐंशी-नव्वद मीटरांवर कोणाच्या तरी धाब्यावर संदेश नव्या जोमाने पुढे ढकलणारी पेटी, म्हणजे स्विच, ठेवावयाची आणि तीवर रंगाचा रिकामा डबा उपडा घालावयाचा. नियम त्याने मोडला नाही. डब्याखाली झाकून शब्दशः धाब्यावर बसविला.

या तारेचा सरंजाम पाहून एखाद्या इंजिनियराने डोळेच मिटून घेतले असते. कापसाच्या गाठीची पट्टी वाकवून केलेला आकडा, सांध्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि त्यावर पावसासाठी कापून बसविलेली प्लास्टिकची बाटली! संक्रांतीस मांजा तिला कापी, उन्हाळ्यात वानरे तीवर झोके घेत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे कावडी येत, तेव्हा ती बांबूने उचलून धरावी लागे. मृगात वीज जवळपास कोठे पडली, तरी त्या धक्क्याने दोन-तीन पेट्या जळून जात. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याचा पोऱ्या शिडी घेऊन हजर. शाळा अर्ध्यावर सोडलेला हा मुलगा एकदा सांधा करताना मला म्हणाला, “सर, पीळ मोडला का स्पीड मेलीच समजा.”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हेकट माणसास लावतो. तारेच्या बाबतीत मात्र पीळ हाच सद्गुण होय. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, म्हणजे बाहेरून येणारा विजेचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. आणि वाचावयाचा असतो तो केवळ दोघींतला फरक, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. ग्रॅहॅम बेलने १८८१ साली या युक्तीचे पेटंट घेतले, ते टेलिफोनसाठी. आमच्या तारेत अशा चार जोड्या, आणि चौघींचे पीळ निरनिराळे. म्हणजे एकीचे बोलणे दुसरीच्या कानी जावयास नको. (आमच्या गल्लीतल्या भिंतींना ही सोय नाही.)

मिळेल त्या साहित्यावर काम भागविण्याच्या या विद्येस हसण्याचे मला धैर्य होत नाही. विल्यम ओशॉनेसीने १८३९ साली कलकत्त्यास तारायंत्राचा प्रयोग केला, तो बांबूंवर तार ताणूनच. आणि पुढे त्याचे सहकारी शिबचंद्र नंदी यांनी महागड्या खांबांऐवजी ताडाचे बुंधे उभे केले. भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सुरू केले, तेही घरोघरच्या टेलिफोनच्या जुन्याच तारेवर. बोलण्यासाठी त्या तारेवर सेकंदास सुमारे ३,४०० कंपने पुरत. तीच तार आता त्याच्या कितीतरी पट राबविण्यात आली. एवढे तिच्याकडून पूर्वी कोणी मागितलेच नव्हते.

माझ्या तारेस मात्र दुसऱ्याचे धाबे लागे, आणि त्याहून अवघड म्हणजे दुसऱ्याची वीज. माझ्या अलीकडची पेटी एका वृद्ध शिंप्याच्या धाब्यावर होती. साऱ्या गल्लीचे ते चाचा. मार्च २०२० मध्ये महाविद्यालय बंद झाले, तेव्हापासून माझे इंग्रजी काव्याचे तास चाचांच्या मीटरवर चालले. बिलाचा विषय काढला, की ते शिलाईचे यंत्र मुद्दाम जोराने चालवीत.

१३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जुन्या शहरात दंगल उसळली. एक मनुष्य प्राणास मुकला. जमावबंदी लागू झाली. विजेचा गोंगाट वजा करणारी तार माणसांचा गोंगाट मात्र इमानाने जसाच्या तसा पोचविते. दारे लावून बसलो असता मी खिडकीतून चाचांच्या धाब्याकडे पाहत होतो. डब्याच्या भोकातून हिरवा दिवा लुकलुकत होता. एक बटण दाबून तो विझविणे त्यांना सहज शक्य होते, आणि त्यांनी तसे केले असते तरी त्यांना बोल लावण्यास मला जागा नव्हती. दिवा पहाटेपर्यंत लुकलुकत राहिला. त्यांनी तो जाणूनबुजून चालू ठेविला, की त्या गडबडीत त्यांस त्याचे स्मरणच नव्हते, हे मी आजवर विचारलेले नाही.

गेल्या वर्षी काचेचा धागा आला. त्यातून धावतो तो प्रकाश. विजेचा धक्का त्यास बाधत नाही, आणि वाटेत एकही पेटी न ठेवता तो कोसच्या कोस जातो. सांधावयास ट्यूबचा तुकडा चालत नाही. काच वितळवून जोडणारे यंत्र लागते. पोऱ्या तेही शिकला. वेग पूर्वीच्या दसपट. मला तो हवा होता आणि मी तो घेतला. त्याबद्दल हळहळण्याचे सोंग मी करणार नाही. पूर्वी तार तुटली की चाचांकडे जाणे आपोआप घडे. आता ते ठरवून करावे लागते, इतकेच.

परवा गेलो, तेव्हा रंगाच्या डब्यात पुदिना लावलेला दिसला. तारेचा उरलेला तुकडा त्यांच्या सुनेने दोन खुंट्यांना ताणून त्यावर कपडे वाळत घातले होते. चाचांनी चहा मागविला, माझ्या सदऱ्याची खांद्यावर उसवलेली शिवण पाहिली, आणि तो मला तेथेच उतरवून द्यावयास लाविला.