धुपाटणेही गेले!

प्रत्येकाला एखादे वेड असते. मला जुन्या, चिमुकल्या भांड्यांचे आहे. माझ्या कपाटात तळहातावर मावणारे एक चिनी धुपाटणे आहे. मिंग घराण्यातील शुआंदे बादशहाच्या कारकिर्दीत (१४२६–३५) अशी धुपाटणी नावाजली. तळाशी त्याच्या राजवटीची सहा अक्षरे. पुढे शतकानुशतके नकला झाल्या, त्यांवरही तीच अक्षरे! म्हणायला ती काशाची. पुष्कळशी निघतात पितळेची.

गेल्या वर्षी गणपतीची मूर्ती सांगायला पेणला गेलो होतो. कारखान्यातले काम उरकून बाजारात शिरलो, तो भांड्यांच्या एका दुकानात मोडीच्या ढिगाऱ्यात पितळी धुपाटणे दिसले. लिंबाएवढी वाटी आणि तिला मोराची मूठ. दुकानदाराने ते सरळ तराजूत टाकले. मोडीच्या भावाने स्वारी माझी झाली!

तळाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातले होते. खाली ‘मामाकडून, १९५८’. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याची आठवण राहावी म्हणून. शिवाय पंगतीला गेलेले भांडे आपल्याच घरी परत यावे म्हणून.

“रोह्याच्या एका घरातून आलं,” दुकानदार म्हणाला.

हाताशी वेळ होता. गाडीने कासू, नागोठणे करीत रोह्याला उतरलो. धावीर महाराजांना नमस्कार केला आणि घर विचारीत निघालो. हेतू एवढाच, की जोडीचे आणखी काही मिळाले तर पाहावे!

ओटीवर एक आजी बसल्या होत्या. धुपाटणे हाती देताच त्यांनी ते उलटे करून ठिपक्यांवरून बोट फिरविले.

“माझ्या लग्नातलं! मुलांनी अडगळ काढली, त्यात गेलं वाटतं. कितीला पडलं तुम्हाला?”

मी किंमत सांगितली. आजी हसल्या.

“म्हणजे पैसे पितळेचे दिलेत. नाव फुकटच मिळालं!”

यावर काय बोलणार? त्यांनी सुनेला हाक मारली. करवंटीचा निखारा आला, त्यावर ऊद पडला. दिवेलागणीची वेळ, घरभर वास दरवळला. ‘तेवढे माझे धुपाटणे द्या’ म्हणायला जीभ काही रेटेना.

तेल गेले, तूप गेले आणि हाती आलेले धुपाटणेही गेले!

घरी येऊन कपाटातले चिनी धुपाटणे उलटे केले. सहा अक्षरे, तीही बादशहाची. ज्या घरात त्याने धूप दिला, त्या घराचे नाव मात्र कुठेच नव्हते.