बागेतलं ऊन आणि पंचवीस हजारांचा पडदा

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या मामांची नव्या फोनकडून मागणी एवढीच होती, की द्राक्षाच्या पानावरचा डाग बागेत उभ्या उभ्या नीट दिसला पाहिजे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला किंवा आभाळ भरून राहिलं की डावणी रोगाची धास्ती सुरू होते. पानावर तेलकट पिवळा डाग दिसला की फोटो काढायचा, सल्लागाराला व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि उत्तर आलं की फवारणीच्या तयारीला लागायचं. जुन्या फोनवर दुपारच्या वेळी त्यांना स्वतःच काढलेला फोटो दिसत नसे. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून फोनवर ओढून, त्या अंधारात ते तो बघत. बजेट पंचवीस हजारांच्या आत. "शिनेमा नाय पाहायचा मला, डाग पाहायचाय," हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

या किमतीत पडदा कोणत्या जातीचा मिळेल, हा प्रश्न आता जवळपास संपला आहे. २०१८ मध्ये पोको एफ१ भारतात २०,९९९ रुपयांना आला, तेव्हा वेगाच्या बाबतीत त्याने महागड्या फोनना घाम फोडला. पडदा मात्र एलसीडीच होता. पुढच्या वर्षी सॅमसंगचा गॅलेक्सी ए५० वीस हजारांच्या आत ॲमोलेड घेऊन आला. २०२१ च्या मार्चमध्ये रेडमी नोट १० प्रो आला आणि १२० हर्ट्झचा ॲमोलेड १५,९९९ रुपयांपासून मिळू लागला. तेव्हापासून मधल्या किमतीच्या फोनची जाहिरात पडद्याच्या जातीऐवजी आकड्यांवर चालते. उजेडाचे निट्स, हर्ट्झ, अब्जभर रंग.

नाशिकचा महात्मा गांधी रस्ता म्हणजे मोबाईलचा बाजार. दुकानात आमच्यापुढे दोन फोन आले. दोन्ही ओलेड (ॲमोलेड त्यातलाच), दोन्ही १०८० बाय २४०० पिक्सेलचे, किमतीत तीनेक हजारांचा फरक. महागड्याच्या पाटीवर ठळक अक्षरात '४५०० निट्स'. दुकानातल्या मुलाने लगेच एक चित्रफीत लावली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर रंगीत शाईचे थेंब फुटत होते. ती दिसणारच सुंदर. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तर चक्क विझतो. काळ्यावरचा रंग हा त्याच्या हातचा मळ. मामा ते थेंब बघून हरखले नाहीत. त्यांनी खिशातून जुना फोन काढला आणि डागाळलेल्या पानाचा फोटो नव्या दोन्ही फोनवर पाठवायला सांगितला. दुकानातली ही सर्वांत शहाणी मागणी होती.

तोच फोटो दोन्हीकडे वेगळा दिसला. एका फोनवर पान हिरवंगार, जाहिरातीतल्यासारखं. डागाचा पिवळा त्या हिरव्याच्या झळाळीत अर्धा बुडालेला. दुसऱ्यावर पान फिकट, पण डागाची कड स्पष्ट. सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या फोनचा 'व्हिव्हिड' मोड काढून 'नॅचरल' लावला, तसे दोघे बरेच जवळ आले. यामागचं कारण सरळ आहे. व्हॉट्सॲपवरून फिरणारे बहुतेक फोटो एसआरजीबी या १९९६ साली पुढे आलेल्या रंगपट्ट्यात साठवलेले असतात. आजचे पडदे त्याहून रुंद पट्टा दाखवू शकतात, आणि व्हिव्हिड मोड जुन्या फोटोचे रंग त्या रुंद पट्ट्यावर ताणतो. लग्नाच्या फोटोत हे खपतं, रोग ओळखताना खपत नाही. दुकानात बहुतेक फोन व्हिव्हिडवरच मांडलेले असतात. रंग पाहायचे असतील तर हा मोड बदलल्याशिवाय मत बनवू नये, इतकी ही साधी बाब आहे. अर्थात कॅमेऱ्यानेच पान चुकीच्या रंगात टिपलं असेल, तर त्याचं खापर पडद्यावर फोडण्यात अर्थ नाही.

मग आम्ही फोन उन्हात न्यायची परवानगी मागितली. मुलगा गोंधळला, मालक हसला, पण साखळी काढून दोन्ही फोन हातात दिले आणि स्वतःही आमच्याबरोबर पायरी उतरला.

दुकानातल्या दिव्यांचा डोळ्यांना कितीही झगझगाट वाटला, तरी तो प्रकाश हजारभर लक्सच्या आतबाहेर असतो. भर दुपारचं उघडं ऊन लाख लक्सच्या घरात जातं. म्हणजे दुकानात आपण पडद्याला जे विचारतो, त्याच्या शंभरपट कठीण प्रश्न बाहेर असतो. फोन मामांच्या हातात होता आणि पडद्यावर फोटोच्या आधी दिसला त्यांचा स्वतःचा पांढरा सदरा. हा सदराच खरा शत्रू. उन्हातल्या पांढऱ्या कापडाची झळाळी वीस ते पंचवीस हजार निट्स असते. साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे चार टक्के परत फेकते, म्हणजे आठशे ते हजार निट्स. फोनचा पूर्ण पांढरा पडदा उन्हात बाराशे निट्स देत असेल, तर त्यात सदऱ्याचे नऊशे मिसळून पांढरं होतं एकवीसशे आणि काळं होतं नऊशे. दोहोंत अडीच पटींचाही धड फरक नाही. वेबवरचा मजकूर वाचता यावा म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान साडेचार पटींचा फरक असावा, असा आंतरराष्ट्रीय सुलभता निकष सांगतो. फोन थोडा कलता करून त्यात सदऱ्याऐवजी निळं आभाळ पडेल असं केलं, तेव्हा परतणारा प्रकाश अडीचशे निट्सच्या आसपास उतरला असावा. फरक जवळजवळ सहापट होतो आणि अक्षरं उभी राहतात. मामांनी मनगट फिरवलं आणि म्हणाले, "आता दिसतंय की!"

आणि ते साडेचार हजार निट्स? रस्त्यावर दोन्ही फोनवर तोच पानाचा फोटो आणि तेच पांढरं पान उघडून पाहिलं. डोळ्यांना फरक जाणवेना. जाहिरातीतला हा आकडा बहुधा पडद्याच्या छोट्याशा तुकड्यापुरता असतो, तोही विशिष्ट एचडीआर दृश्यात. सगळा पडदा पांढरा झाला की ओलेडला वीज आणि उष्णता सांभाळावी लागते आणि उजेड बराच खाली येतो. त्यात आपले डोळे दुप्पट प्रकाशाला दुप्पट मानतही नाहीत. विचारायचा आकडा दुसरा आहे: पूर्ण पडदा उजळला असताना, उन्हात, किती? कंपन्या त्याला बहुतेकदा हाय ब्राइटनेस मोड म्हणतात आणि तो तपशिलाच्या यादीत खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो.

इथे एक गंमत झाली. एका फोनचा उजेड उन्हात चढेचना. पाहिलं तर ऑटो ब्राइटनेस कुणीतरी बंद करून ठेवला होता. पुष्कळ फोनमध्ये उन्हासाठीचा हा जादा उजेड केवळ ऑटोवरच मिळतो. पट्टी हाताने शेवटपर्यंत ओढली तरी फोन एका मर्यादेवर थांबतो. गावाकडे 'ऑटो बॅटरी खातं' म्हणून तो बंद ठेवणारे खूप आहेत, मामाही त्यातलेच. जुन्या फोनच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या असत्या. डार्क मोडचंही तसंच. रात्री तो बरा, पण उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं बारीक पडतात, पांढऱ्यावरची काळी टिकतात.

अक्षरांचा प्रश्न मात्र मामांपेक्षा मला जास्त छळत होता. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या घडीपत्रिकेचा फोटो मी दोन्ही फोनवर उघडला. बहुतेक ओलेड पडद्यांत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके नसतात. हिरवे पुरे असतात, लाल आणि निळे निम्मेच. पावणेसात इंची पडद्यावर इंचाला ३९० च्या आसपास पिक्सेल येतात, त्यामुळे इंग्रजी मजकुरात ही काटकसर सहसा कळत नाही. देवनागरीची गोष्ट वेगळी. रफार, अनुस्वार, 'घ' आणि 'ध' यांतली फट, जोडाक्षराच्या पोटातली बारीक रेघ, हे सगळं मोजक्या पिक्सेलांत बसतं आणि कडांना हिरवट-जांभळी किनार आली की डोळा अडखळतो. पत्रिकेत मात्रा '०.५ मि.ली. प्रति लिटर' अशी होती. तो दशांशबिंदू पूर्ण पान एका नजरेत ठेवल्यावर एकाही फोनवर खात्रीने दिसला नाही, बोटांनी मोठं केल्यावर दोन्हीकडे दिसला. या किमतीत हे चालवून घ्यावं लागतं. औषधाची मात्रा मोठं करूनच वाचायची, हे मामांना तिथेच सांगितलं.

१२० हर्ट्झवर मी फार वेळ घालवला नाही. दर चित्रामागे १६.७ ऐवजी ८.३ मिलिसेकंद लागतात, सरकवताना मजकूर सलग वाटतो, छान वाटतं. मामांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

निर्णय झाला तो अंधारात. मामांच्या निफाड तालुक्यात शेतीपंपाची वीज कधी रात्रीची येते. मामा मोटर चालू करायला उठतात, मामी जागी होते आणि फोनवर काहीबाही वाचत पडते. तिला अर्धशिशीचा त्रास आहे. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत दिवा मालवून, दोन्ही फोन सर्वांत कमी उजेडावर ठेवले आणि माझ्या फोनच्या कॅमेऱ्याचं शटर वेगवान करून त्यांच्याकडे धरला. स्वस्त फोनवर जाड काळे पट्टे सरकताना दिसले. महागड्यावर पट्टे बारीक आणि पुसट होते. ओलेडचा उजेड कमी करण्याची एक रूढ पद्धत म्हणजे तो भराभर चालू-बंद करणं. सेकंदाला दोन-अडीचशे वेळा केलं तर काहींना डोळ्यांवर ताण येतो, काहींचं डोकं ठणकतं. अनेकांना काहीच होत नाही. एलईडी दिव्यांच्या लुकलुकीविषयी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार पूर्ण चालू-बंद होणारा प्रकाश सेकंदाला तीन हजार वेळांच्या पुढे गेला की धोका उरत नाही. महागड्या फोनच्या तपशिलात या चालू-बंदसाठी ३८४० हर्ट्झ लिहिलं होतं. दुकानातल्या मुलाने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

त्याच अंधारात दोन्ही फोनवर गडद राखाडी चित्र उघडलं. महागड्याच्या उजव्या कडेला किंचित हिरवट झाक होती, स्वस्त फोन एकसारखा होता. मामा म्हणाले, "ते हिरवं मला दिसतं बी नाय." मामीला फोनवरून विचारलं तर ती म्हणाली, "डोकं दुखू नये, बाकी काय बी असू द्या." महागडा घेतला.

बागेतला निकाल चांगला आहे. दुपारी फोटो दिसतो, डाग कळतो. कडक उन्हात फोन फार वेळ धरला तर मात्र तो तापतो आणि स्वतःहून उजेड कमी करतो. दोन मिनिटं वेलीच्या सावलीत ठेवला की पुन्हा उजळतो. मामी रात्री वाचते आणि डोक्याची तक्रार निदान फोनच्या नावाने तरी करत नाही. दशांशबिंदूसाठी चष्मा आणि दोन बोटं लागतात.

तुम्ही या किमतीत फोन घेणार असाल, तर दुकानात दुपारी जा, पांढरे कपडे घालून जा, आपल्या मोबाईलमधलाच एखादा फोटो आणि बारीक मराठी अक्षरांचा एखादा कागद उघडून पाहा. उन्हात दोन मिनिटं आणि अंधारात दोन मिनिटं मागा. नाही म्हणणारं दुकान सोडून द्या. पैसे देण्याआधी सेवा केंद्राला एक फोन करून पडदा बदलायचा खर्च विचारून घ्या. पडदा फुटला तर दुरुस्तीत सर्वांत मोठा खर्च बहुधा त्याचाच असतो.