येलदरीची गाळपेर

दसऱ्याच्या सुमारास परभणीत येलदरीची चौकशी सुरू होते. धरण किती भरलं यावर शहराचे नळ आणि रब्बीच्या पाणीपाळ्या ठरतात. मी मात्र पाणी कुठवर ओसरलं ते बघायला निघतो.

सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा जिंतूर तालुक्यात हे पाणीच नव्हतं. पुढे पूर्णा अडवली गेली, साठच्या दशकात धरण उभं राहिलं आणि आमच्या आजोबांचं काळं रान त्यात गेलं. थंडीत त्याचा एक तुकडा वर यायचा. आजोबा तिथं हरभऱ्याची गाळपेर करायचे. पहाटे मोठाली करडी बदकं कोवळ्या पिकात उतरायची. ती उठवायचं काम माझ्याकडे. गोफण सुटली की ‘आंग आंग’ करत थवा पाण्याकडे वळायचा.

कृषी विद्यापीठात शिकताना पक्ष्यांचं पुस्तक हाती लागलं. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून ओळख पटली. हा तर पट्टकादंब! वीण तिबेट-मंगोलियाकडे, हिवाळा इकडे, मधे हिमालय. आजोबांना सगळं रंगवून सांगितलं. ते म्हणाले, “एवढा हिमालय वलांडून आलं, अन् त्याला माझाच हरभरा दिसला का?”

पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, नांदूर मधमेश्वर २०१९ मध्ये पाणथळांच्या रामसर यादीत गेलं. येलदरीला असली पाटी नाही. इथं सगळं काठावर अवलंबून. धरण तुडुंब असलं की पाणी थेट बाभळींना भिडतं. शेकाट्यांना पाय टेकायला उथळ जागा उरत नाही, चक्रवाकांची एखादी जोडी लांबूनच दिसते. चिखल उघडा पडला की थापट्या येतात. फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून एकामागोमाग गोल फिरत राहतात. चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून पाणी गळून जातं, किडे आत राहतात. तासभर बघावं.

२०१५ च्या दुष्काळात गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग असायची आणि काठावर पक्षी मुबलक. घरी आल्यावर ‘काय दिसलं?’ विचारलं, तर सांगायला जीभ रेटत नसे.

आता तो तुकडा दुसरेच कोणी पेरतात. थंडी पडली की त्यांचा फोन येतो, “सर, तुमची बदकं आलीत. उठवू का?”

“सकाळी येतो, तोवर थांबा,” मी म्हणतो. हरभरा त्यांचा असतो, तरी थांबतात.