पितळेची साक्ष

उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहिले आणि 1949 साली वस्तीला नवं नाव मिळालं. छावणी गेली, आकडे राहिले. त्यामुळे या पट्ट्यात एखादा जुना पितळी बिल्ला सापडला की तो याच छावणीतला, असं सहज मानलं जातं. पण छावणीत पलटणी येत-जात राहिल्या. शिवाय ठाण्या-डोंबिवलीच्या चाळींत कोकणातून, साताऱ्याकडून आलेल्या घरांच्या ट्रंकांतही आजोबांचे बिल्ले आले. सापडल्याची जागा फार तर बिल्ल्याची वाट सांगते. पलटण कोणती आणि काळ कोणता, हे बिल्ल्यालाच विचारावं लागतं. बिल्लाही नेमकं साल सांगत नाही. दोन सालांमधला अवधी सांगतो. तो अवधी आहे तेवढाच मांडावा, आपल्या हौसेनं ओढून अरुंद करू नये, असं माझं ठाम मत आहे.

हा अवधी ठरतो मुकुट आणि आकडा या दोन खुणांनी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. 1901 मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतरचा मुकुट घुमटासारखा गोल होतो. प्रजासत्ताक झाल्यावर, 1950 मध्ये, मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. आकड्याची साक्ष याहून नेमकी. सरसेनापती लॉर्ड किचनेरच्या 1903 च्या सैन्य-फेररचनेत मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, म्हणून तिसरी पलटण 103 वी झाली. 1922 मध्ये 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या मराठा पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. बिगुल ही तिची खूण. 1945 मध्ये तो पाचाचा आकडाही नावातून गेला. आणि 111 व्या महार पलटणीचं आयुष्य तर 1917 ते 1921 एवढंच. तिचं नाव कोरलेला अस्सल तुकडा हाती आला, तर चार वर्षांच्या आतला काळ तो स्वतःच सांगतो.

यावर रास्त आक्षेप असा की शिपाई नवं नाव मिळाल्याच्या दिवशी जुना बिल्ला फेकून देत नसे. साठा संपेपर्यंत जुनाच माल चाले. हे खरं आहे. म्हणूनच खुणांवरून बिल्ला कधीपासूनचा हे जितक्या खात्रीनं सांगता येतं, तितक्या खात्रीनं तो कधीपर्यंत वापरात होता हे सांगता येत नाही. दुसरा आक्षेप नकलांचा. बोथट कडा, बारीक छिद्रं आणि ओतीव घडण दिसली की बनावट, असा झटपट निकाल दिला जातो. पण युद्धकाळात इथल्या कारागिरांनी अस्सल बिल्लेही साच्यात ओतून केले. नुसत्या ओतकामावरून दोष ठरत नाही. खुणा एकमेकींशी भांडू लागल्या की मात्र संशय घ्यावा. 103 चा आकडा आणि दबक्या कमानींचा मुकुट एकाच तुकड्यावर असतील, तर 1903 आणि 1901 यांचा मेळ कसा लागला, याचं उत्तर विकणाऱ्यानं द्यायला हवं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण चुकीच्या सालानं एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या नावावर जातो. 103, 110 आणि 117 या पलटणींनी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात उपासमार सोसली. 29 एप्रिल 1916 ला तिथली फौज शरण गेली. तेव्हा ‘पाचवी मराठा’ अस्तित्वातच नव्हती. उलट 10 जुलै 1944 ला इटलीत लढताना पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे याच पाचव्या मराठाचे. पाचाचा बिल्ला कूतला नेणं किंवा 117 चा इटलीला, दोन्हीकडच्या माणसांवर अन्यायच. कागदावर ज्यांचं नाव सापडत नाही, अशा कितीतरी शिपायांची घरात उरलेली खूण म्हणजे हा तुकडा. म्हणून आपल्या घरी असा बिल्ला असेल तर चिंचेनं घासून चकचकीत करू नका. मागची बाजू नीट पाहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तो कोणाचा, कोणत्या गावाहून आला हे घरातल्या थोरांना विचारून आजच लिहून ठेवा.