भाचीने आणलेले पान

मैत्रिणींनो, आमचे घोडेगाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरचा फाटा लागतो ना, तेच हे गाव. इथे कांद्याचे मार्केट मोठे, रान काळे, आणि झाडी म्हणाल तर बांधावरची बाभळ नि लिंब. अशा गावात बसून मी तुम्हाला न्यूझीलंडमधल्या एका झाडाची गोष्ट सांगणार आहे. हसू नका हं! त्या झाडाने माझी एक चूक माझ्या पदरात घातली आहे.

गेल्या दिवाळीत माझी धाकटी बहीण क्राइस्टचर्चहून आली. बऱ्याच वर्षांनी आली. बरोबर दहा वर्षांची भाची. तिने वहीत दाबून ठेवलेले एक पान मला दाखवले. करंगळीच्या नखाएवढे, जाडसर, गुळगुळीत कडेचे.

"मावशी, हे बीचचं पान. आर्थर्स पासच्या जंगलातलं."

बीच म्हटल्यावर मला आपला समुद्रकिनाराच आठवला. ती खुदकन हसली. "अगं, झाडाचं नाव आहे. सदर्न बीच. तुमच्या गावात आहे?"

"नाही बाई."

"का नाही?"

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा मुलांचा 'का' टोलवायची युक्ती मला चांगली येते. पण बहीण शेजारीच लाडू वळत बसली होती, आणि 'का नाही' हे शब्द आम्हा दोघींमध्ये आधीपासूनच पडलेले होते.

२०२१ मध्ये आमची आई गेली. कोरोनाचे दिवस. तेव्हा धाकटी आली नाही. मी फोनवर बोलून गेले, "यायचंच असतं तर आली असतीस." ती काही बोलली नाही. त्यानंतर आमचे फोन सणावारापुरते उरले.

भाचीला उत्तर द्यायचे म्हणून मी दोन दिवस पुस्तकांत नि मोबाईलवर शोधले. जे सापडले ते तुम्हालाही सांगते.

फार पूर्वी भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका हे सारे एकाच खंडात नांदत होते. त्याला गोंडवन म्हणतात. नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून पडलेले. त्या एकत्र कुटुंबाच्या खुणा आपल्या महाराष्ट्रातही आहेत. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. ही पाने पंचवीस कोटी वर्षांहून जुनी. ज्यांच्या नावाचे नागपूरला कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात असे ठसे गोळा केले होते. आणि गंमत बघा, १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट नि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड होते. त्या दगडांतही याच ग्लॉसोप्टेरिसचे ठसे निघाले!

मग सदर्न बीच आपल्याकडे का नाही? याचे उत्तर तारखांत आहे. भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटला तो सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी. सदर्न बीचचे सगळ्यांत जुने परागकण मिळतात ते सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वीचे, तिकडे दक्षिणेत. जुन्या काळी थोरली लेक सासरी जायची आणि मग माहेरी शेंडेफळ जन्माला यायचे, तसेच हे. थोरलीने त्याला पाहिलेच नाही, यात तिचा काय दोष? आपला भारत एकटाच समुद्रातून उत्तरेकडे निघाला. वाटेत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले. आमच्याकडे विहीर खणताना माती नि मुरूम संपल्यावर जो काळा पाषाण लागतो, तो त्याच लाव्हाचा.

इकडे बीचचे कुटुंब वाढले. आज ते चिली-अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया आणि न्यू गिनीत आहे. एके काळी अंटार्क्टिकावरही होते. ध्रुवापासून फक्त पाचशे किलोमीटरवर त्याची पाने नि लाकूड दगडात मिळाले आहे.

या झाडाचे वागणेही पाहण्यासारखे. दरवर्षी ते फारसे बी धरत नाही. काही वर्षे गप्प राहते आणि एखाद्या वर्षी सारे रान एकदम बहरते. आपल्या जिल्ह्यात हरिश्चंद्रगडाच्या बाजूला कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते ना, तसेच. बी इतके पडते की खाणाऱ्यांना ते संपवता येत नाही, नि उरलेले रुजते. मात्र माणसाने न्यूझीलंडात नेलेले उंदीर त्या वर्षी मातून उठतात आणि तिथल्या पाखरांची अंडी-पिले फस्त करतात. रुजलेली रोपेही घाई करत नाहीत. मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षे खुरटून राहतात आणि एखादे झाड कोसळून ऊन आले की मग उंच होतात.

बीचचे बी दूर जात नाही. शिवाय नुसते बी पडून भागतही नाही. मुळांना एक विशिष्ट बुरशी लागते. दुधाला विरजण लागते तसेच. म्हणून पूर्वी समजत, की हे झाड फक्त जमिनीबरोबरच सरकले असेल. पण २००५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी जनुके तपासली, तेव्हा दिसले की न्यूझीलंडमधल्या काही जाती जमीन तुटल्यानंतर समुद्र ओलांडून तिथे पोहोचल्या. म्हणजे वाट अवघड होती, पण बंद नव्हती.

हे सगळे भाचीला सांगता सांगता 'तारखा बघ' असे मी तीनदा म्हटले आणि तिसऱ्यांदा स्वतःच अडखळले. एप्रिल २०२१ मध्ये न्यूझीलंडने भारतातून येणाऱ्यांना दारे बंद केली होती. धाकटी इकडे आली असती, तर पाच वर्षांच्या पोरीकडे परत कधी पोहोचली असती? ही तारीख मी तेव्हा पाहिलीच नाही. तिच्या न येण्याचा मात्र हिशेब ठेवला.

रात्री स्वयंपाकघर आवरताना मी म्हटले, "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं गं."

ती ओटा पुसत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ताई, आईची ती हिरवी पातळं आहेत का अजून?"

होती. आम्ही ट्रंक उघडली.

आता दर रविवारी सकाळी फोन असतो. भाची आजीबद्दल विचारते, मी आजीच्याच शब्दांत सांगते. विरजण आहे ते, लागायला वेळ लागेल. ते पान माझ्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. पुढच्या आठवड्यात गोंडवनाचा धडा घ्यायचा आहे. वर्गात दाखवीन म्हणते.