पी फॉर पप्पा

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. पहिली ते दहावी मराठीत कधी साठच्या वर मार्क्स मिळाले नाहीत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

आम्ही आमगावचे. दोन वर्षांपूर्वी पप्पांचा ॲक्सिडेंट झाला आणि डावा गुडघा वाकेनासा झाला. क्लच दाबणं बंद. घरातल्यांनी धरूनच चाललं, की यांचं ड्रायव्हिंग संपलं. पप्पांनी मात्र नागपूरहून एक सेकंडहँड ऑटोमॅटिक आणली. दोनच पेडल, डाव्या पायाला सुट्टी! त्या संध्याकाळी काही काम नसताना त्यांनी आम्हाला गोंदियापर्यंत फिरवून आणलं.

मग दिवाळीनंतर मंडईला आजीच्या गावी गेलो. तलावाच्या पाळीवर चढणाऱ्या रस्त्यावर पप्पांनी गाडी लावली, पी टाकला, उतरले. सगळ्यात शेवटी आजी उतरली. ती दहा पावलंही गेली नसेल, आणि गाडी हळूच मागे निघाली... खाली बांधीत उतरली आणि धुऱ्याला टेकून थांबली. त्या उतारावर नेहमी पोरं खेळत असतात. त्या दिवशी सगळी मंडईत होती, म्हणून वाचलो.

"तू पी टाकलाच नसशील," मोठेबाबा म्हणाले. आजी म्हणाली, "गाडी इकून टाका बापा." पप्पा एवढंच म्हणाले, "टाकला होता." हँडब्रेक ओढला नव्हता, हेही त्यांनी स्वतःच कबूल केलं. परत येताना गाडी मोठेबाबांनी चालवली आणि पप्पा मागच्या सीटवर बसले. मला ते बघवेना.

गॅरेजवाल्याने पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, पी टाकला आणि एक चाक हाताने फिरवलं. फिरलं. "मॅडम, गिअरबॉक्स गया. चालीस हजार." मी थर्ड इयर मेकॅनिकल, शहाण्यासारखी मान डोलावली. रात्री अंथरुणात ट्यूब पेटली. डिफरन्शियल! दोन्ही चाकं हवेत असली की एक फिरवल्यावर दुसरं उलटं फिरतं, पी अगदी ठणठणीत असला तरी. म्हणजे त्या टेस्टवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. (डिफरन्शियलवरच व्हायवात मी गप्प बसले होते. सरांनी हा परिच्छेद वाचू नये.)

पी म्हणजे काय फार मोठं नसतं. गिअरबॉक्सच्या आत, चाकांकडे जाणाऱ्या बाजूला एक दातेरी चक्र असतं. पी टाकला की एक लोखंडी आकडा त्याच्या दोन दातांमध्ये पडतो, बस्स! आकडा किंवा दात झिजलेले असले, तर गाडी ढकलताना आतून कट-कट-कट असा आवाज येतो. आवाजच नसेल, तर बहुधा आकडा पडतच नाही, म्हणजे लिव्हरचा निरोप तिथवर पोहोचत नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात सपाट जागी गाडी घेतली. इंजिन बंद, पी टाकला, चाकांच्या पुढे-मागे हातभर अंतरावर विटा ठेवल्या आणि मी अन् भावाने ढकलली. गाडी मुकाट्याने विटेपर्यंत सरकली. आवाज शून्य.

मी पप्पांना विचारलं, "गाडी आणखी काही त्रास देते का?"

"पीमध्ये स्टार्ट होत नाही कधीकधी. एनमध्ये घेतली की होते. बॅटरी बदलली, तरी तेच."

केव्हापासून? तीन महिन्यांपासून! आता गाडी स्टार्ट होते ती पी किंवा एनमध्येच, आणि कुठला गिअर आहे हे ठरवतो गिअरबॉक्सवरचा स्विच, आपल्या हातातला लिव्हर नाही. तो बिचारा तीन महिने ओरडून सांगत होता, की बाबांनो, हा पी नव्हे. पण आमच्याकडे सगळी धानाची सपाट जमीन. गाडी घरंगळणार कुठे? पाळीवर चढेपर्यंत कोणाला कळलंच नाही.

विटा आता चाकांना चिकटवून ठेवल्या आणि बॉनेट उघडलं. लिव्हरपासून आलेली केबल गिअरबॉक्सच्या लहान दांडीला जिथे जोडलेली असते, तिथलं प्लॅस्टिकचं बुश भुगा झालं होतं. त्यामुळे हातातला लिव्हर पीवर आणि आतली दांडी पी आणि आरच्या मध्येच कुठेतरी. केबल सोडून मी दांडी हाताने शेवटपर्यंत नेली. टक! विटा पुन्हा लांब सरकवून आम्ही गाडी ढकलली. बोटभर हलली आणि अडली. भाऊ म्हणाला, अजून जोर लाव. लावला. ढिम्म!

नंतर वाचलं, की असल्याच एका बुशसाठी फोर्ड कंपनीने २०२२ साली अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. ते मी मोबाईलवर मोठेबाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि चहा मागितला.

बुश नागपूरहून आलं, १८० रुपये.

पुढच्या रविवारी पप्पांनी आम्हाला परत आजीकडे नेलं. मुद्दाम पाळीवर, त्याच जागी गाडी लावली. ब्रेकवर पाय ठेवून आधी हँडब्रेक ओढला, मग पी टाकला, आणि उतरून दोन मिनिटं गाडीकडे बघत उभे राहिले. मोठेबाबा मात्र मागच्या चाकाला दगड लावूनच घरात गेले.