तुझा सूर संपतो कधी?

उतईत आमच्या घरी संध्याकाळी दोन पोरं बास गिटार शिकायला येतात. पहिल्याच दिवशी दोघांची तक्रार: "काका, मोबाईलवर गाण्यातला बास ऐकूच येत नाही." खरं आहे. मोकळी जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही. म्हणून मी आधी हेडफोन आणायला लावतो.

पहिले पंधरा दिवस एकच पॅटर्न. जाड तारेचा तिसरा पडदा, तो आपला सा. शेजारच्या तारेचा पाचवा पडदा म्हणजे पंचम, त्यापुढच्या तारेचा पाचवा म्हणजे वरचा सा. चार मात्रा: सा, सा, प, सा. मेट्रोनोम ६० वर, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं. हा आकार जाड तारेवर कुठंही सरकवला तरी तसाच बसतो. चारही तारांमधलं अंतर सारखं असल्याचा हा फायदा.

पोरं अर्ध्या तासात वाजवतात आणि विचारतात, "पुढे काय?" पुढे काही नाही. खरं काम इथंच आहे. तार छेडली की ती वाजतच राहते, पंचमात आधीचा सा मिसळतो आणि सगळं गढूळ होतं. डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसता दाब सोडायचा. वरच्या तारा वाजवताना उजवा अंगठा जाड तारेवर टेकवून तिला गप्प ठेवायचं. तबलजी तळहातानं डग्गा दाबतो, तसंच.

मला हे उशिरा कळलं. एका गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात मी रिकामी दिसेल ती जागा भरत सुटलो होतो. मध्यंतरात ढोलकीवाल्यानं चहा पिता पिता एवढंच विचारलं, "तुझा सूर संपतो कधी रे?"

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारतातल्या कथांचं गायन, मी तेव्हापासून वेगळ्या कानानं ऐकतो. त्यांच्या हातातल्या तंबुऱ्याची भीमाची गदा होते, त्या क्षणी त्याच्या तारा गप्प असतात. दरारा तिथंच वाटतो. 

म्हणून आता तेच चार सूर आधी पूर्ण मात्राभर, मग अर्धी मात्रा, मग पाव मात्रा. थोरल्यानं काल चार मिनिटं न चुकता वाजवलं. धाकट्याची तिसरी मात्रा अजून चौथीत सांडते.